डासांनी राखलेला मुलूख

मराठी इतिहासाच्या वाचकाला 'तराई' हा शब्द अपरिचित नाही. मात्र त्याला तो नेहमी एखाद्या कथेच्या अखेरीस भेटतो. 1857 च्या संग्रामाचा पाडाव झाल्यावर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत शिरले आणि 1859 च्या सुमारास तेथेच हिवतापाने त्यांचा अंत झाला, असे सांगितले जाते. त्याआधी शंभर वर्षे, 1751-52 मध्ये, वजीर सफदरजंगाच्या मदतीस गेलेल्या मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्या फौजांनी रोहिले व बंगश पठाणांना रेटत थेट कुमाऊँच्या पायथ्याशी नेले होते. काशीपूरच्या उत्तरेस चिलकियाच्या जंगलात पठाण खंदक खणून बसले, आणि वेढा घालणाऱ्या सैन्याला शत्रूच्या तोफांपेक्षा तेथील तापानेच अधिक हैराण केले. अखेर तह झाला. मराठ्यांच्या देण्याचा बोजा रोहिल्यांनी पत्करला. 1772 मध्ये मराठी फौजा पुन्हा रोहिलखंडात उतरल्या, तेव्हाही रोहिले सरदारांनी आश्रयासाठी तराईचेच रान गाठले.

ज्या रानात शिरण्यास फौजा कचरत, त्याच भूमीवर आज उत्तराखंडचा उधमसिंह नगर हा जिल्हा आहे. तेथे सालवृक्षांचे घनदाट अरण्य होते, यावर आज किच्छा किंवा गदरपूरच्या रस्त्याने जाणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. दुतर्फा गव्हाची, भाताची, उसाची शेते, त्यांच्या कडेने लावलेले पॉपलर आणि निलगिरी, साखर कारखान्यांच्या चिमण्या आणि अलीकडे मोटारींचे कारखाने. एका पिढीच्या आत जंगलाचा जिल्हा झाला. हे परिवर्तन कसे घडले, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम भूगोल. हिमालयाच्या पायथ्याला लागून दगडगोट्यांचा एक पट्टा आहे, त्याला भाबर म्हणतात. डोंगरातून उतरणारे ओढे आणि लहान नद्या या भाबरात शिरतात आणि दगडांखाली गडप होतात. काही कोस दक्षिणेस, जेथे उतार संपतो आणि माती बारीक होते, तेथे तेच पाणी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. हा दुसरा, ओलसर, दलदलीचा पट्टा म्हणजे तराई. भाबरात पिण्यास पाणी नाही आणि तराईत पाय ठेवण्यास कोरडी जागा नाही, अशी ही शेजारशेजारची स्थिती होती. उंच गवत, वेत, साल आणि शिसवीची राने, हत्ती, वाघ आणि या सर्वांपेक्षा प्रबळ असा डास, ही तराईची संपत्ती.

परंतु हे अरण्य अनादी होते, असे मानणे चुकीचे ठरेल. काशीपूरजवळ प्राचीन गोविषाण नगरीचे अवशेष आहेत. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग तेथे येऊन गेला. पुढे कुमाऊँच्या चंद राजांच्या काळात हा सपाट प्रदेश राज्याचे धान्यकोठार होता. अकबराचा समकालीन राजा रुद्रचंद याच्या नावावरून रुद्रपूर, सतराव्या शतकातील बाजबहादूर चंदाच्या नावावरून बाजपूर, आणि काशीनाथ अधिकारी या चंदांच्या अंमलदाराच्या नावावरून काशीपूर, अशी गावांची नावे आजही ती साक्ष देतात. त्या काळी या प्रदेशाला 'चौरासी माल' म्हणत, कारण त्याची लांबी चौऱ्यांशी कोस होती. आणि 'नौलखिया माल' असेही म्हणत, कारण त्यातून नऊ लाखांचा वसूल येतो अशी ख्याती होती. आकडा तंतोतंत खरा असो वा नसो, ओसाड जंगलाला कोणी असे नाव देत नाही.

मग जंगल आले कोठून? ते अठराव्या शतकाने वाढवले. 1743-44 मध्ये अली महंमद खानाच्या रोहिल्यांनी कुमाऊँवर स्वारी केली आणि चंदांची सत्ता खिळखिळी झाली. त्यानंतर रोहिले, अवधचे नवाब, 1790 मध्ये पहाड जिंकणारे गोरखे आणि अधूनमधून मराठी फौजा, अशा अनेकांच्या ओढाताणीत तराई ही सरहद्द बनली. सरहद्दीवर कोणी पाट आणि बांध दुरुस्त करीत नाही. निचरा थांबला की दलदल वाढते, दलदल वाढली की ताप वाढतो, आणि ताप वाढला की कुळे गाव सोडतात. 1801 मध्ये रोहिलखंडाबरोबर तराई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आली, तेव्हा नऊ लाखांच्या मुलखातील बराचसा भाग रानाने गिळला होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी जे 'आदिम अरण्य' म्हणून वर्णिले, त्याचा काही अंश तरी ढासळलेल्या राज्यव्यवस्थेवर उगवलेले रान होता.

या रानात माणसे नव्हतीच काय? होती. पूर्वेकडे खटीमा आणि सितारगंज भागात थारू, पश्चिमेकडे बाजपूर, गदरपूर, काशीपूर भागात बुक्सा. राणा थारू आपले मूळ राजपुतान्यात सांगतात, तर बुक्सांच्या परंपरेत धारानगरीच्या पवारांचा उल्लेख येतो. या वंशकथांचा ऐतिहासिक आधार पातळ आहे. मात्र बाहेरचा माणूस जेथे एक पावसाळा काढू शकत नसे, तेथे हे लोक पिढ्यानपिढ्या भात पिकवीत, मासे धरीत, गुरे राखीत राहिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. 'थारूला ताप लागत नाही' हा पायथ्याच्या लोकांचा जुना समज. नेपाळमधील थारूंचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 1991 मध्ये त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. अल्फा थॅलेसेमिया नावाचा रक्तातील एक आनुवंशिक गुण त्यांच्यात जवळजवळ सार्वत्रिक आहे आणि त्यामुळे हिवतापाने आजारी पडण्याचे प्रमाण शेजारच्या इतर लोकांपेक्षा कितीतरी कमी राहते. हे संरक्षण फुकट मिळालेले नव्हते. अनेक पिढ्यांच्या बालमृत्यूंनी त्याची किंमत चुकती केली असली पाहिजे.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला रिकार्डोच्या खंडाच्या सिद्धान्ताची आठवण होणे साहजिक आहे. जमिनीला खंड मिळतो तो तिच्या सुपीकतेच्या आणि स्थानाच्या फरकामुळे, असे तो सिद्धान्त सांगतो. तराईची जमीन सुपीक होती, पाणी विपुल होते, रोहिलखंडाच्या बाजारपेठा जवळ होत्या. तरीही तिच्यासाठी कोणी पैसा मोजण्यास तयार नव्हता, कारण तिच्यावर राहण्याचा खर्च माणसाच्या आयुष्यात मोजावा लागे. सुपीकतेचा सगळा लाभ हिवताप वजा करून टाकी. या वजाबाकीतून ज्यांना सूट होती, ते थारू आणि बुक्सा. म्हणून ही जमीन त्यांच्याकडे राहिली. त्यांच्याकडे सनद नव्हती, ताम्रपट नव्हता, पट्टा नव्हता. त्यांच्या वहिवाटीचे रक्षण करणारा एकच कायदा होता, आणि तो डासांनी केलेला होता.

ब्रिटिश राजवटीने या वहिवाटीला कागदावर फारसे स्थान दिले नाही. 1860 च्या दशकात तराईचा स्वतंत्र जिल्हा झाला, 1870 मध्ये त्याला काशीपूर जोडले गेले आणि 1891 मध्ये तो नव्या नैनीताल जिल्ह्यात विलीन झाला. 1856 ते 1884 इतका दीर्घ काळ कुमाऊँचे आयुक्त राहिलेले हेन्री रॅमसे यांनी भाबरात कालवे काढले, वसाहती वसवल्या. त्यांच्याविषयी पहाडात आजही आदराने बोलले जाते. परंतु तराई आणि भाबर या 'सरकारी इस्टेटी' होत्या. तिकडील भाषेत 'खाम', म्हणजे मध्ये जमीनदार नसलेल्या आणि सरकारच जमीनदार असलेल्या. जमीनदाराच्या जाचातून सुटका, या दृष्टीने हे बरे होते. मात्र कसणारा हा सरकारच्या मर्जीवरचा कूळ ठरला. थारूंची शेतीही फिरती असे. एका जागेचा कस गेला, की गाव दुसरीकडे सरके आणि जुनी जागा काही वर्षांनी पुन्हा नांगराखाली येई. नोंद करणाऱ्याच्या दृष्टीने ती मोकळी पडलेली जागा म्हणजे परती, बंजर. आपल्याकडे सातबारा, तशी तिकडे खतौनी. आणि खतौनीत ज्याचे नाव नाही, त्याचा हक्क सिद्ध करणे किती कठीण असते, हे महसूल खात्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

1884 मध्ये बरेलीहून काठगोदामपर्यंत रेल्वे पोहोचली. रेल्वेला स्लीपरांसाठी साल हवा होता, आणि 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले आधीच आखली होती. तरीही दाट वस्ती तराईत आली नाही. पहाडातील लोक हिवाळ्यात गुरे घेऊन भाबरात उतरत आणि उन्हाळा लागताच वर परतत. रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये डास आणि हिवताप यांचा संबंध सिद्ध केला, त्यानंतरही अर्धशतक तराईची परिस्थिती मूलतः बदलली नाही.

बदल झाला तो 1947 नंतर, तीन गोष्टी एकत्र आल्यामुळे. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना वसवण्याची योजना आधीच विचाराधीन होती. तेवढ्यात फाळणी झाली आणि पश्चिम पंजाबातून शेतकऱ्यांचे तांडे आले. त्याच सुमारास जमीन साफ करणारे मोठे ट्रॅक्टर आणि डीडीटी, ही दोन्ही साधने सरकारच्या हाती आली. गोविंद वल्लभ पंत हे संयुक्त प्रांताचे, म्हणजे पुढच्या उत्तर प्रदेशाचे, मुख्यमंत्री होते आणि ते मूळचे कुमाऊँचेच. 1948 मध्ये किच्छा भागापासून वसाहतीचे काम सुरू झाले. पाठोपाठ जागतिक आरोग्य संघटनेचे हिवताप नियंत्रणाचे प्रात्यक्षिक पथक तराईत आले. घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले आणि ज्या तापाने शतकानुशतके फौजा परतवल्या होत्या, तो काही वर्षांत ओसरला. 1953 मध्ये देशभर सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाला जो आत्मविश्वास होता, त्यात अशा प्रात्यक्षिकांचा वाटा मोठा होता.

येथे न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. तराईत आलेला पंजाबी शेतकरी हा काही लुटारू नव्हता. लायलपूर आणि मिंटगुमरीच्या कालव्यांवरची भरली शेते सोडून, कित्येकदा घरातील माणसे गमावून, तो आला होता. त्याने गवत कापले, बुंधे उपटले, तंबूत आणि झोपड्यांत पावसाळे काढले. नानकमत्ता येथे गुरु नानकांच्या वास्तव्याची स्मृती जपणारा गुरुद्वारा होता, तेवढीच काय ती ओळखीची खूण. पूर्व बंगालच्या निर्वासितांना दिनेशपूर आणि शक्तिफार्म येथे वसवण्यात आले. भाताची ओळख असलेल्या त्या लोकांनाही नवी माती, नवी भाषा आणि दीर्घकाळची उपेक्षा यांना तोंड द्यावे लागले. निर्वासितांना जमीन देणे हे त्या काळच्या सरकारचे कर्तव्यच होते आणि धान्यटंचाईच्या दिवसांत नवी जमीन नांगराखाली आणणे ही राष्ट्रीय गरज होती.

मात्र जमीन केवळ निर्वासितांनाच मिळाली असे नाही. मोठमोठे पट्टे शेकडो एकरांच्या फार्मांसाठी दिले गेले. भांडवल असणारे, ओळखी असणारे, शहरात राहून फार्म चालवणारे असेही लोक तराईत आले. कमाल जमीनधारणेचा कायदा उत्तर प्रदेशात 1960 मध्ये झाला, पण तराईतील मोठ्या फार्मांवर त्याची अंमलबजावणी हा पुढे अनेक दशके न्यायालये आणि आंदोलने यांचा विषय राहिला. पहाडातील भूमिहीनांनाही आपल्या पायथ्याची जमीन आपल्या वाट्याला आली नाही, असे वाटत राहिले.

आणि थारू-बुक्सा? हिवताप गेला त्या दिवशी त्यांच्या जमिनीला बाजारभाव आला, आणि त्याच दिवशी तिचा राखणदार गेला. बाजारभाव असलेली, पण कागद नसलेली जमीन ज्याच्याकडे आहे, असा मनुष्य फार काळ तिचा मालक राहत नाही. जे झाले त्यात तलवार चालली नाही. सावकाराचे कर्ज, तोंडी गहाण, बटाईने दिलेल्या शेताचा हळूहळू बदललेला ताबा, अंगठ्याचा ठसा, तहसिलीच्या ठिकाणी खेटे घालण्याची असमर्थता, या ओळखीच्या वाटांनीच जमीन गेली. कसणारे पुष्कळ ठिकाणी स्वतःच्याच शेतावर मजूर झाले. शासनाने त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत घातले ते 1967 मध्ये, म्हणजे वसाहत सुरू झाल्यानंतर एकोणीस वर्षांनी. अनुसूचित जमातींची जमीन इतरांकडे हस्तांतरित करण्यास प्रतिबंध करणारी तरतूद उत्तर प्रदेशाच्या जमीन कायद्यात आली ती 1980 च्या दशकाच्या आरंभी, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. तोवर जे जायचे ते बरेचसे गेले होते. नंतरही पळवाटा शिल्लक राहिल्या. ज्या बुक्सांच्या पूर्वजांकडे देशातील उत्तम जमिनींपैकी काही होती, ते आज 'विशेष असुरक्षित आदिवासी समूह' या सरकारी वर्गात मोडतात.

जिल्ह्याची पुढची वाटचाल वैभवाची आहे. 17 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंनी पंतनगर येथे देशातील पहिल्या कृषी विद्यापीठाचे उद्घाटन केले. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या या संस्थेला तराईच्या सरकारी फार्मची हजारो एकर जमीन मिळाली. हरितक्रांतीच्या वर्षांत पंतनगरचे बियाणे म्हणजे खात्रीचे बियाणे, अशी उत्तर भारतात ख्याती झाली. सप्टेंबर 1995 मध्ये नैनीतालपासून वेगळा होऊन जिल्हा स्वतंत्र झाला आणि त्याला हुतात्मा उधमसिंह यांचे नाव मिळाले. थारूंच्या भूमीला पंजाबच्या वीराचे नाव मिळाले, यातच गेल्या अर्धशतकाचा सारांश होता. नव्या पहाडी राज्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा तराईतील शेतकऱ्यांनी त्यात सामील होण्यास विरोध केला. आपल्या जमिनींवर पुन्हा कायद्याची कुऱ्हाड येईल ही त्यांची भीती होती. प्रश्न केंद्रापर्यंत गेला, जॉर्ज फर्नांडिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अखेर 9 नोव्हेंबर 2000 रोजी जिल्हा उत्तरांचलात आला. राज्याचे उत्तराखंड हे नाव नंतरचे, 2007 चे.

2003 च्या केंद्रीय सवलतींनंतर पंतनगरला विद्यापीठाच्या शेतजमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. 2007 मध्ये टाटा मोटर्स आणि बजाज ऑटो या दोघांचेही कारखाने तेथे सुरू झाले, आणि पुणे-पिंपरीहून आलेल्या अभियंत्यांमुळे रुद्रपुरात मराठी बोल कानावर पडू लागले. सिंगूर सोडावे लागल्यावर नॅनोच्या पहिल्या गाड्याही 2009 मध्ये पंतनगरहूनच बाहेर पडल्या. 2001 मध्ये 12 लाखांच्या वर असलेली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये साडेसोळा लाखांजवळ गेली. त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेसात टक्के होते. चिलकियाच्या खंदकांपुढे तापाने फणफणणाऱ्या मराठी शिपायाला हे सांगितले असते, तर त्याने तो वातभ्रम मानला असता.

आता तराईचा प्रश्न पाण्याचा आहे, आणि तो उलटा झाला आहे. येथे जमिनीत भोक पाडले की पाणी दाबाने आपोआप वर येई. अशा वाहत्या विहिरी हे तराईचे वैशिष्ट्य होते. भात, गहू आणि त्यात भर म्हणून उन्हाळी भात, या चक्राने आणि कारखान्यांच्या उपशाने तो दाब उतरत गेला. अलीकडच्या वर्षांत उन्हाळी भातावर निर्बंध घालण्याची पाळी प्रशासनावर आली. अतिरिक्त पाण्यामुळे जो मुलूख ओसाड राहिला, तेथे पाणी वाचवण्याचे आदेश काढावे लागावेत, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

या इतिहासातून प्रशासनाने घ्यावयाचा बोध कोणता? हिवतापाचे निर्मूलन करावयास नको होते, असे कोणीही म्हणणार नाही. निर्वासितांना वसवावयास नको होते, असेही नाही. दोन्ही कामे चांगली होती, आणि ती ज्या तडफेने झाली तिचा आजही हेवा वाटावा. चूक झाली ती क्रमात. फवारणी करणारे पथक गावागावांत, घराघरांत गेले. तेवढ्याच काळजीने, त्याच घरांत, त्याच वर्षी हक्कनोंदणीचे पथक गेले असते. कोण कोणते शेत कसतो, कोणते गाव कोणत्या दोन-तीन जागांमध्ये फिरते, हे टिपून घेतले असते आणि त्यानंतर उरलेली जमीन वसाहतीसाठी खुली केली असती, तर निर्वासितांना कदाचित थोडी कमी जमीन मिळाली असती, मोठ्या फार्मांना बरीच कमी मिळाली असती आणि थारू-बुक्सा भूमिधारक म्हणून नव्या काळात शिरले असते. यासाठी कोणतेही नवे शास्त्र लागत नव्हते. मोजणी, नोंदणी आणि चौकशी ही महसूल खात्याची सर्वांत जुनी कामे आहेत.

दुर्गमता हे दारिद्र्याचे कारण मानले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मात्र दुर्गमता हे दुर्बळांचे कुंपणही असते. रस्ता, धरण, औषध, रेल्वे किंवा उद्योग नेऊन आपण जेव्हा एखाद्या मागास भागाचे कुंपण काढतो, तेव्हा आत राहणाऱ्याच्या हाती दुसरे कुंपण आधी दिले आहे काय, एवढे पाहणे हे त्या कामाचाच भाग असते. गडचिरोली, बस्तर, कोरापूट, जेथे जेथे आज अशी कुंपणे निघत आहेत, तेथील जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर विकास आराखड्याच्या शेजारी गावनिहाय हक्कनोंदीचे दप्तर पूर्ण होऊन पडलेले असावे. तराईत ते तीस वर्षे उशिरा उघडले गेले.